तुझी पट्टी कोणती?

मागच्या रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, तू रिकामाच असशील ना?"

(मी कायम रिकामाच असतो असा आमच्या घरात एक समज आहे. ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाबद्दल घरच्यांचा दुसरा काय समज असणार!)

भाची यंदा सातवीत आहे आणि गाण्याच्या परीक्षा देते. प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथम झाली, आता प्रवेशिका पूर्णला बसते आहे. गळ्याची तिला भीती नाही. घोडं अडलं होतं ते लेखी पेपरवर. तिने पुस्तकातल्या पानाचा फोटो मला पाठवला आणि "मी पाठ म्हणते, तू चुका काढ" असं फर्मान सोडलं.

"पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना. मृत्यू २१ ऑगस्ट १९३१, मिरज..."

पाढे म्हणावेत तसं, एका दमात. मग अचानक थांबली.

"मामा, हे लाहोर म्हणजे पाकिस्तानातलं लाहोर?"

"हो, तेच."

"मग कुरुंदवाडचा माणूस तिकडे कशाला गेला?"

त्या दहा ओळींत याचं उत्तर नव्हतं. मी तिला जमेल तसं काहीतरी सांगितलं, पण फोन ठेवल्यावर माझं मलाच समाधान होईना. गेला आठवडाभर मग कपाटातली पुस्तकं काढून बसलो होतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. त्यात थोडं माझंही एक जुनं दुखणं आहे, ते ओघात येईलच.

शाळेच्या वेळापत्रकात "संगीत" असा एक तास असतो याचं आपल्याला काही वाटत नाही. बुधवारी चौथा तास, वर्ग नंबर अमुक, रांगेने जा, रांगेने या. पण दीडशे वर्षांपूर्वी कुणाला सांगितलं असतं की दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना घंटा वाजवून एका खोलीत बसवायचं, फळ्यावर सूर लिहायचे आणि पाऊण तासाने घंटा झाली की गाणं बंद करून गणिताला पाठवायचं, तर लोक हसले असते. गाणारे तर आधी हसले असते. गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पाय चेपायचे आणि गुरूची लहर लागेल तेव्हा जे कानावर पडेल ते टिपायचं. लिहून घ्यायचं नाही, विचारायचं नाही. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती अशाच खस्ता खाऊन. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी, आणि वासुदेवबुवा शिकले ते हस्सूखाँ-हद्दूखाँ या भावांच्या घराण्यात. भाचीच्या पुस्तकातली गुरूंची यादी बाळकृष्णबुवांपाशी थांबते. आणखी दोन पायऱ्या वर गेली असती तर खाँसाहेबांच्या दारात पोचली असती. एवढी एक ओळ पुस्तकात हवी होती असं मला वाटतं.

आणि ऐकणाऱ्यांच्या बाजूने म्हणाल तर पांढरपेशा घरात गाणं म्हणजे भजन, ओव्या, फार तर कीर्तन. त्यापलीकडचं सगळं नाटकवाल्यांचं नाही तर कोठीवरचं. मुलगा गाण्याच्या नादी लागला म्हणजे वाया गेला. मुलगी लागली तर बोलायलाच नको.

ही कोंडी फोडायचा पहिला मान मात्र पलुस्करांचा नाही. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला होता. त्याच्याही पुढचं पाऊल बडोद्यात पडलं. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौलाबक्ष यांनी तिथे गायनशाळा सुरू केली. मौलाबक्ष म्हणजे पुढे सूफी पंथ युरोप-अमेरिकेत नेणाऱ्या इनायत खाँचे आजोबा. त्यांनी स्वतःची एक स्वरलिपी बनवली, तिच्यावर पुस्तकं काढली आणि एका वेळी एक शिष्य न घेता वर्गच्या वर्ग शिकवायला घेतला. ती गायनशाळा अजून आहे. आता बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ती परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी म्हणून नांदते आहे. म्हणजे शाळेतल्या संगीताच्या तासाचा एक मूळपुरुष हा एक मुसलमान उस्ताद होता. परीक्षेला येत नाही हे. असो.

आता कुरुंदवाडकडे येऊ.

विष्णु दिगंबरांचे वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने मुलाचे डोळे भाजले, नजर जवळपास गेली. शाळा सुटली. आता या मुलाचं करायचं काय, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला ठेवला. मला या गोष्टीतला हा भाग नेहमी थबकून वाचावासा वाटतो. ज्याने पुढे शेकडो मुलांना गाण्याच्या शाळेत बसवलं, त्याची स्वतःची शाळा अशी अर्ध्यात सुटलेली होती.

मिरजेतली एक गोष्ट सांगतात. गावात कुठला तरी समारंभ होता, राजाश्रय असलेल्या या तरुण शिष्याला आमंत्रण आलं आणि गुरूंना आलं नाही. का, तर ते काय, गवई! ही गोष्ट जशीच्या तशी घडली की पुढे रंगवली गेली ते सोडा. पण १८९६ साली त्यांनी मिरज सोडली ती गवयाला मान मिळवून द्यायचा असं मनाशी ठरवून, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या वागण्यातून दिसतं. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असं फिरत ते वर सरकत गेले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तिकीट म्हणजे काय? रुपया देईल तो ऐकेल. दिवाणखान्यातली जागा कुणाच्या मर्जीवर नाही. हा फार मोठा फरक होता.

आणि मग लाहोर. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला जे सुचतं ते असं. पंजाबात तेव्हा आर्यसमाजाचं वारं होतं, नव्या शाळा-कॉलेजं निघत होती, वर्गणी काढून संस्था उभी करायची सवय लोकांना लागली होती. आणि पलुस्करांना राजा नको होता, वर्गणीदार हवे होते. मिरज-कोल्हापूर-सांगलीकडे राजे पुष्कळ होते! महाराष्ट्रापासून इतक्या लांब जाऊन, भाषा वेगळी, खाणं वेगळं, तिथे त्यांनी शाळा काढली. अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, प्रार्थना, फी, वेळापत्रक, वर्षाअखेर परीक्षा. सगळं शाळेसारखं. "महाविद्यालय" असं भारदस्त नाव, पण आत शिकणारी बरीचशी मुलंच.

त्यातला उपदेशक वर्ग ही सर्वांत विलक्षण गोष्ट. शिकवायला शिक्षक तर हवेत, आणि असे शिक्षक जगात कुठेच नव्हते. मग ते घडवायचे. मुलगा नऊ वर्षं तिथेच राहील असा करार पालकांनी लिहून द्यायचा, राहणं-जेवण-शिक्षण संस्थेचं, आणि पुढे त्याने शिकवायचं. महाराष्ट्रातून लहान लहान मुलं रेल्वेने लाहोरला गेली. विनायकबुवा पटवर्धन १९०७ साली गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते. मिरजेच्या चौथीतल्या मुलाला लाहोरच्या गाडीत बसवताना त्याच्या आईला काय वाटलं असेल? आमची भाची बाराची आहे आणि तिला क्लासला सोडायला-आणायला ताई अजून जाते.

१९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली आणि कामाचा मध्य तिकडे सरकला. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर ही सगळी त्या छपराखालून आलेली मंडळी. नारायणराव खरे साबरमती आश्रमात गेले आणि तिथली रोजची प्रार्थना त्यांनी सुरात बसवली. १९३० ला दांडीयात्रेत ते तंबोरा घेऊन गांधीजींबरोबर चालले. मुंबईत संस्थेची मोठी इमारत झाली, ती कर्ज काढून. कर्ज फिटेना. १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. पलुस्कर नाशिकला रामनामात रमले आणि शेवटी मिरजेला येऊन वारले, तेव्हा ते साठीलाही पोचले नव्हते. मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा. तेच पुढचे द. वि. पलुस्कर. वडिलांच्या शिष्यांनीच त्याला वाढवलं आणि शिकवलं. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायला, आणि १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेलासुद्धा. त्यांच्या रेकॉर्ड ऐकताना मला नेहमी वाटतं की इतकं स्वच्छ, नितळ, वळणदार अक्षरासारखं गाणं हे शाळेच्या घरातच होऊ शकतं. जाणकार मंडळींनी यावर हवं तर भांडावं.

तर त्याच १९३१ साली शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. इमारत गेली, गुरू गेले. शिल्लक काय, तर अभ्यासक्रम आणि परीक्षा. मग परीक्षाच संस्था झाली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी शिडी गावोगाव उभी राहिली. कुठेही एक शिकवणारा आणि चार मुलं असली की केंद्राला फॉर्म भरता येऊ लागला. नाशिक, जळगाव, बेळगाव, इंदूर, नागपूर... आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या-आया या शिडीच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या चढलेल्या आहेत.

माझी आई त्यातलीच. तिची गाण्याची वही अजून माळ्यावरच्या पेटीत आहे (पेटी म्हणजे ट्रंक, दुसरी पेटी विकली). निळी शाई, तिरपं अक्षर, भूप, दुर्गा, काफी. प्रत्येक पानावर आडव्या रेघा मारून त्यात मात्रांचे रकाने. परवा ती वही भाचीला दाखवली तर ती म्हणाली, "आजीने सगळं उलटं लिहिलंय." आई चिडली. मग लक्षात आलं की आईचे मास्तर पलुस्करांच्या पद्धतीने लिहीत आणि भाचीच्या बाई भातखंड्यांच्या. भातखंड्यांकडे सुराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो तार सप्तकातला. पलुस्करांकडे टिंब डोक्यावर दिलं की मंद्र सप्तकातला, आणि तारसाठी उभी रेघ. कोमल सुराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर पाय मोडल्यासारखी खूण करतात. समेला एकीकडे फुली, दुसरीकडे एक. आजी मंद्रात आणि नात तारसप्तकात, वही एकच! दोघी पाऊण तास वाद घालत होत्या आणि तात्पर्य काय, तर दोघी बरोबर.

भातखंडे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. व्यवसायाने वकील. गावोगाव फिरून, उस्तादांच्या विनवण्या करून त्यांनी बंदिशी मिळवल्या आणि "क्रमिक पुस्तक मालिके"चे सहा भाग छापले. दहा थाटांत राग बसवले. १९१६ ची बडोद्याची परिषद, ग्वाल्हेर आणि लखनौची संगीत विद्यालयं, ही त्यांची कामं. पलुस्करांशी त्यांचं फारसं जमलं नाही. एकाला शास्त्र नीट लावायचं होतं, दुसऱ्याला गाणं घरोघर न्यायचं होतं. आज मात्र दोघे एकाच प्रश्नपत्रिकेत शेजारी शेजारी बसतात. पुस्तक कुठलंही असो, फोटो दोघांचे असतातच.

या लिपीबद्दल एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. माझा एक ऑफिसातला मित्र गोव्याचा, सासष्टीकडचा. त्याच्या आजोबांना चर्चच्या शाळेत मेस्त्रीने आधी सोल्फेजो घटवून घेतलं होतं. कागदावरची पाश्चात्त्य नोटेशन पाहून ती तिथल्या तिथे गायची, मग हातात व्हायोलिन. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या पॅरिश शाळांतून मुलांना हे शिकवत आणि त्यातून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात भरले. "अमर अकबर अँथनी"तलं अँथनी गोन्साल्विस हे नाव ज्यांच्यावरून आलं, ते माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्या वडिलांच्या हाताखाली तयार झाले होते. त्या मुलांसाठी कागद आधी होता आणि गाणं नंतर. आपल्याकडे उलट. आईच्या वहीतली बंदिश आईला आधी येत होती, वही फक्त विसरू नये म्हणून. आपल्या लिपीतला कागद समोर धरून अनोळखी बंदिश घडाघडा गाणारं शाळकरी पोर मी तरी पाहिलेलं नाही. यात चांगलं-वाईट काही नाही. पण मग लेखी पेपरात आपण नेमकं काय तपासतो, हा प्रश्न उरतो.

आईला मी विचारलं, तुला गाणं का शिकवलं? ती म्हणाली, "का म्हणजे? दाखवायला!" त्या काळी मुलगी बघायला आले की पोहे, मग "गाता येतं का हो?" मग भावगीत नाही तर भजन. प्रवेशिकेचं सर्टिफिकेट असलं की बरं. म्हणजे पहा, ज्या गाण्यापायी घरंदाज मुलगी बदनाम झाली असती, त्याच गाण्यावर दोन पिढ्यांत तिचं लग्न ठरू लागलं. पलुस्करांनी जे मागितलं होतं ते त्यांना असं मिळालं. प्रतिष्ठा मिळाली, भरपूर मिळाली. लग्नानंतर आईने पेटीला हात लावला तो फक्त पुसायला, ही गोष्ट वेगळी.

एकीकडे गाण्याचे क्लास असे चालले होते, दुसरीकडे सरकारी-निमसरकारी शाळेतही संगीताचा प्रवेश होत होता. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद बोलावली. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा जो अभ्यासक्रम आखला त्यात सूतकताई, भाषा, गणित यांच्या जोडीला चित्रकला आणि संगीतही होतं. सगळ्या मुलांसाठी. निवडक मुलांसाठी नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पुन्हा तेच सांगितलं, की कलाशिक्षण दहावीपर्यंत सर्वांना हवं. पुन्हा सांगावं लागलं यातच काय ते आलं.

पलुस्करांच्या नावावर एक किस्सा सांगतात. कुणीतरी त्यांना खवचटपणे विचारलं की इतक्या शाळा काढल्यात, एक तरी तानसेन तयार केलात का? त्यावर ते म्हणाले म्हणे की तानसेनालाही दुसरा तानसेन करता आला नाही, मी कानसेन करतोय. किस्सा खरा असो-नसो, त्यांच्या शाळेचा हिशेब त्यात बरोबर आहे. ज्याच्या गळ्यात देणगी आहे त्याला शाळा नसली तरी चालतं. कुमार गंधर्व अकराव्या-बाराव्या वर्षी देवधर मास्तरांकडे आले तेव्हा त्यांचं नाव आधीच सगळीकडे झालेलं होतं. गाण्याची शाळा हवी असते ती बाकीच्यांना.

आणि इथे माझं दुखणं सुरू होतं.

मी सहावीतून सातवीत गेलो त्या वर्षीची गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही, बाईंचंही नाही. स्नेहसंमेलनाला समूहगान होतं आणि सगळा वर्ग त्यात होता. साठ मुलं, एक पेटी. बाई पेटीवर सूर धरायच्या आणि आम्ही ओरडायचो. चौथ्या की पाचव्या तालमीला बाई वाजवता वाजवता थांबल्या, रांगेतून कान देत देत माझ्यापाशी आल्या. "तूच का तो? तू असं कर, नुसते ओठ हलव."

त्या रागावल्या नव्हत्या. अगदी सहज म्हणाल्या, उंच मुलाला मागे उभं रहा म्हणावं तसं. कार्यक्रमाला मी पांढरा सदरा घालून दुसऱ्या रांगेत उभा राहिलो आणि तीन गाणी ओठ हलवले. आई-बाबा समोर बसले होते. घरी आल्यावर आई म्हणाली, छान म्हणालात रे सगळे. मी कुणालाही काही बोललो नाही. आज आई हे वाचेल तेव्हा तिला पहिल्यांदा कळेल.

त्यानंतर मी गायलो नाही. गणपतीत टाळ्या वाजवतो, झांज माझ्याकडे असते. वाढदिवसाच्या गाण्यालासुद्धा ओठच हलवतो, सवयच झाली. ऐकायला मात्र लागलो, ते कॉलेजात, रेडिओवर, आणि मग सुटलोच नाही. म्हणजे कानसेन झालो म्हणा ना. पण तो शाळेमुळे नाही, शाळा असूनही.

या आठवड्यात वाचता वाचता एक साधी गोष्ट डोक्यात आली, जी इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. सातवी म्हणजे मुलांचा आवाज फुटायचं वय. स्वरयंत्र वाढतं, आवाज खाली उतरतो, जवळजवळ एक सप्तक. काही महिने धड इकडचा नाही धड तिकडचा. बाई पेटीवर धरायच्या काळी चार, कारण वर्गात गाणाऱ्या मुली होत्या आणि त्यांना ती सोयीची. ज्या मुलांचे आवाज अजून फुटले नव्हते तीही त्यात बसायची. माझा वर्गात सर्वांत आधी फुटला असणार (मिशीही मलाच आधी आली होती, त्यावरून वेगळा छळ). मी बेसूर होतो की नुसता चुकीच्या पट्टीत उभा होतो, हे आता कसं कळणार? जुने गुरू या काळात मुलाला फार ताणून गाऊ देत नसत असं गाणाऱ्यांकडून ऐकलं आहे. पण त्यांच्यापुढे एक मुलगा असे. साठ मुलांचा वर्ग, एक पेटी आणि पस्तीस मिनिटं दिली तर बाळकृष्णबुवांनी तरी काय केलं असतं? त्यामुळे बाईंवर माझा राग नाही. होता, बरीच वर्षं होता. आता तो कुठे ठेवावा ते कळत नाही. घाऊक शिकवायचं तर पट्टी एक हवी, आणि घाऊक शिकवल्याशिवाय ते माझ्यासारख्यापर्यंत पोचलंच नसतं. नाशिकच्या बाजूला कुठेतरी कर्जबाजारी होऊन बसलेला तो अंधुक नजरेचा माणूस माझ्यासारख्या मुलासाठीच खपला होता की!

भाचीशी पुन्हा बोललो तेव्हा सहज विचारलं, परीक्षेत आधी काय करायला सांगतात? ती म्हणाली, "आधी विचारतात, तुझी पट्टी कोणती? मग त्या पट्टीत तंबोरा लावतात."

"प्रत्येकाला विचारतात?"

"म्हणजे काय! प्रत्येकाची वेगळी असते ना."

परीक्षांना मी आजवर पुष्कळ नावं ठेवत आलोय. आता तर दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून क्लासला गर्दी असते, सातवीतच आईबाप हिशेब मांडून बसतात, भाचीच्या क्लासमधली निम्मी मुलं त्यासाठीच येतात हे ताईनेच सांगितलं. पण त्या खोलीत जाऊन बसलेल्या प्रत्येक पोराला निदान एवढं तरी विचारतात.

काल शनिवारी ताईकडे गेलो होतो. भाचीने मोबाईलवर तंबोरा लावला आणि म्हणाली, "मामा, सा लाव." मी नाही म्हणालो. ती ऐकेना. काळी चार लावली, गळ्यातून काहीतरी किरटं निघालं. तिने उतरवत आणलं. काळी तीन. काळी दोन. "अजून ताणतोयस." काळी एक. मग पांढरी एकवर आली आणि मला म्हणाली, डोळे मीट, आणि ओरडू नकोस. मी सा म्हटला. तंबोऱ्यात तो थोडा वेळ ऐकूच येईना. मला वाटलं चुकलं, म्हणून थांबलो.

"थांबलास का? लागला होता की."

स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "कोण गातंय गं?"

"मामा!"

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग भाचीने तंबोरा बंद केला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "चल, आता भातखंडे. मी पाठ म्हणते. जन्म १० ऑगस्ट १८६०, वाळकेश्वर..."